एका नावाचे अनेक मासे



‘आपल्या तलावातील मासे लिहा’ असा प्रश्न वर्गात घातला असता एखादा मुलगा ‘शिंगाडा’ लिहितो आणि शेजारची मुलगी म्हणते, “शिंगाडा तर उपासाला चालतो!” दोघांचेही खरेच आहे. तळ्यात येणारे ते फळ शिंगाडा, आणि लांब मिशांचा, बिनखवल्यांचा मासाही शिंगाडाच. कोकणात शिंगाळा म्हटले म्हणजे समुद्रातील निराळाच मासा पुढे येतो. वामेची गत तीच. आपल्या नदीतील वाम वेगळी, किनाऱ्यावरील बाजारातील वेगळी; दोन्ही सापासारख्या लांब, एवढेच साम्य. उलट एकाच मरळीला हिंदी भाषक सौल म्हणतात, तेलुगू भाषक कोर्रमीनू.

यात लोकांचे अज्ञान पाहू नये. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणारी आपली पूर्णा गोदावरीस मिळते, आणि त्याच नावाची दुसरी नदी तापीस. म्हणून काठच्या माणसास कोणी अडाणी म्हणत नाही. गावाचे काम गावच्या नावाने भागते. माल दुरून येऊ लागला म्हणजे मात्र अडचण उभी राहते.

मांगूर घ्या. देशी मांगूर आपल्या देशातील जुना मासा. त्याच नावाखाली आफ्रिकेतील मांगूरही विकला जातो. हा मीटरभराहून मोठा वाढतो, अतिशय खादाड असतो, आणि नदीनाल्यात सुटल्यास देशी मासे फस्त करतो. केंद्र शासनाने २००० साली त्याच्या पालनावर बंदी घातली. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही त्याविरुद्ध आदेश दिला. ज्या मुलास ‘मांगूर’ एवढेच ठाऊक, त्यास बंदी कोणत्या माशावर आहे हे कसे उमगावे? शास्त्रीय नावे ही गाठ सोडवितात : देशी तो क्लॅरियस मागुर, आफ्रिकी तो क्लॅरियस गॅरिपिनस.

ही नावे सर्वस्वी परकी आहेत असेही नव्हे. दख्खनच्या माशांचे वर्णन करणाऱ्या कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये शिंगाड्यास नाव देताना इथलाच शब्द उचलला. तो मासा आजही स्पेराटा सींघाला म्हणून जगभर ओळखला जातो.

तेव्हा वर्गात एक वही ठेवावी. पहिल्या रकान्यात मुलाने सांगितलेले नाव, जसेच्या तसे. मग ते कोणत्या गावी ऐकले. मासा कोठे सापडला. खवले आहेत काय, मिशा किती, शेपटी कशी. शिंगाड्याची शेपटी दुभंगलेली, मांगूरची गोलसर, एवढे चौथीचे मूलही पाहू शकते. शास्त्रीय नावाचा रकाना कोरा राहिल्यास वर्णन व चित्र जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडे पाठवून तो भरून घेता येईल.