अर्पण ठेवण्याआधी

आम्ही कोर्लईच्या बाया. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, किल्ल्याच्या पायथ्याशी आमचं गाव. पोर्तुगीज १७४० साली चौल सोडून गेले. त्यांच्या भाषेतून घडलेली ‘नॉ लिंग’, म्हणजे आपली बोली, आम्ही अजून घरात बोलतो.

दरवर्षी उपवासकाळात, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, एक शनिवार-रविवार आम्ही साधनेला बसतो. प्रार्थना, प्रवचन, थोडं मौन, एकत्र जेवण. त्या दोन दिवसांत चूल घरचे सांभाळतात.

गेल्या वर्षी आमच्यातली एक आलीच नाही. बचत गटाचा हप्ता तिनं भरला होता, पण वहीत नोंद राहिली आणि आम्ही तिला खोटं ठरवलं. चूक नंतर सापडली, तरी माफी मागायला कुणी गेलं नाही.

प्रवचनात फादरांनी येशूची शिकवण सांगितली : अर्पण घेऊन वेदीपाशी आलात आणि कुणाचं मन दुखावल्याचं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवा, आधी समेट करा. आम्ही एकमेकींकडे बघितलं. संध्याकाळी सगळ्या तिच्या दारात गेलो, चूक कबूल केली. तिनं पाणी दिलं, बोलली मात्र नाही.

रविवारी ती आली. पंगतीत तिनंच आम्हाला भात वाढला.

तेव्हापासून गटाच्या बैठकीत प्रत्येकीची नोंद मोठ्यानं वाचतो. मैत्रिणींनो, धर्म कुठलाही असो, वर्षातून एकदा गटानं असं शांत बसावं. कुणाची जागा रिकामी आहे, ते तेव्हाच दिसतं.