दोन घरचे पाहुणे



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने चार शब्द बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. आयुष्यभर मराठी शिकविलेल्या माणसाने दुसऱ्या राष्ट्राच्या हवाईदलात लढलेल्या वैमानिकांचा विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. विमानविद्या मला अवगत नाही. परंतु महाराजपुऱ्याच्या तळावरून उडालेली विमाने आम्हां ग्वाल्हेरकरांच्या डोक्यावरून जात असतात, आणि तो आवाज ओसरला की माझ्या मनात एक शब्द घोळत राहतो. तो शब्द म्हणजे 'तैनात'.

एका दलातील अधिकारी काही काळापुरता दुसऱ्या दलाच्या स्वाधीन करण्याची प्रथा सर्व सैन्यांत आहे. आपल्या इतिहासात हा शब्द कडवट आठवण घेऊन येतो. १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. खर्च पेशव्यांचा आणि हुकूम इंग्रजांचा. तैनातीत गेलेल्या प्रत्येक शिपायापुढे हाच पेच उभा राहतो. मीठ एकाचे आणि माती दुसऱ्याची. त्याने जागावे कोणाला?

शिंदेशाहीला हा प्रश्न नवा नव्हता. महादजी शिंद्यांनी सॅव्हॉय प्रांतातील द बॉयन याला चाकरीस ठेवून कवायती पलटणी उभ्या केल्या. १७९० मध्ये पाटण आणि मेडता येथे या पलटणींनी विजय मिळविले. पुढे १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटताच या परकी अधिकाऱ्यांची कसोटी लागली. सेनापती पेराँ सप्टेंबरमध्ये शिंद्यांची चाकरी सोडून इंग्रजांच्या आश्रयास गेला. याच फौजेत जेम्स स्किनर होता. पिता स्कॉटिश, माता राजपूत. तोही शेवटी इंग्रजांकडे गेला, परंतु आपल्या जुन्या धन्याविरुद्ध, म्हणजे शिंद्यांविरुद्ध, आपणास लढावयास लावू नये, अशी अट त्याने घातली. खाल्ल्या मिठाची ही जाणीव मला पेराँच्या सर्व युद्धकौशल्यापेक्षा मोलाची वाटते.

आता हे चित्र उलट करून पाहू. विसाव्या शतकात परक्याच्या दलात जाणारे आपले तरुण होते. पहिल्या महायुद्धात भारताचे स्वतःचे हवाईदल नव्हते. ते ८ ऑक्टोबर १९३२ रोजी स्थापन झाले. त्यापूर्वी उडावयाचे तर ब्रिटिशांच्या दलातच शिरावयास हवे, आणि ते दार सहज उघडत नसे. ऑक्सफर्डमध्ये शिकलेले हरदितसिंग मलिक फ्रेंच रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवीत होते. फ्रेंच हवाईदल त्यांना घ्यावयास तयार झाले. मग त्यांच्या अध्यापकाने ब्रिटिश सेनानीस पत्र लिहिले आणि १९१७ मध्ये ब्रिटिशांचे दार उघडले. ज्या साम्राज्याचे प्रजाजन म्हणविले जात, त्याने जागे व्हावे म्हणून मित्रराष्ट्राचे निमंत्रण दाखवावे लागले!

त्याच सुमारास चौघे भारतीय तरुण या दलात होते. त्यांतील इंद्रलाल रॉय यांनी दहा विजय मिळवून २२ जुलै १९१८ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, देह ठेवला. दुसरे आपल्या मुंबईचे, केंब्रिजमध्ये शिकलेले श्रीकृष्ण वेलिंकर. इंग्रजी नोंदींत हे आडनाव असेच उमटले आहे; घरी आपण त्याचा उच्चार वेलिंगकर किंवा वेलिणकर असा करू. २३ व्या स्क्वॉड्रनमधून डॉल्फिन जातीचे विमान घेऊन ते जून १९१८ च्या अखेरीस गस्तीवर गेले, ते परतलेच नाहीत. जखमी अवस्थेत ३० जून रोजी त्यांचा अंत झाला. जर्मनांनी त्यांचे दफन केले आणि कबरीवर नाव लिहिले 'वुमकर'. युद्धानंतर एका ब्रिटिश अधिकाऱ्याने चिकाटीने पत्रव्यवहार केला, तेव्हा हा वुमकर म्हणजेच वेलिंकर, हे उमगले. आज फ्रान्समधील हँगार येथील त्यांच्या शिळेवर त्यांना साम्राज्याचा शूर पुत्र म्हटले आहे. पण त्या शिळेवर मुंबई कोठे आहे?

दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या शरदात, चोवीस भारतीय वैमानिकांची तुकडी ब्रिटनमध्ये दाखल झाली. महिंदरसिंग पुजी त्यांतले. ते पगडी बांधूनच हरिकेन विमान चालवीत. एकदा विमान जखमी होऊन कोसळले, तेव्हा पगडीच्या वेढ्यांनीच डोके वाचले, असे ते सांगत. करुणकृष्ण मजुमदार यांनी तर ब्रह्मदेशात मानाचे पदक मिळविले होते. तरीही १९४४ मध्ये ते स्वेच्छेने युरोपात ब्रिटिश दलाच्या तैनातीत गेले आणि नॉर्मंडीच्या रणधुमाळीत त्यांनी टेहळणीची उड्डाणे केली. फेब्रुवारी १९४५ मध्ये लाहोरास विमान कोसळून त्यांचा अंत झाला.

याच काळात मायदेश गमावलेले पोलिश वैमानिकही ब्रिटिश दलात लढत होते. १९४० मधील ब्रिटनच्या आकाशयुद्धात त्यांच्या ३०३ व्या स्क्वॉड्रनने मोठे नाव कमावले. १९४६ च्या लंडनमधील विजयसंचलनात मात्र ब्रिटिशांच्या हुकमतीखाली लढलेले पोलिश सैन्य चालले नाही, आणि साम्यवादी झालेल्या मायदेशात परतणे अनेकांना धोक्याचे वाटले. पोलंडच्या या दैवाची ओळख महाराष्ट्रालाही आहे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळीवडे येथे हजारो पोलिश निर्वासित, मुख्यतः स्त्रिया आणि मुले, राहत होते.

आपल्या भाषेत एक म्हण आहे: दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. या वैमानिकांचे नेमके हेच झाले. ब्रिटनने त्यांना परके म्हणून विसरावे, आणि स्वतंत्र भारताने साम्राज्याचे चाकर म्हणून. युद्धाच्या स्मरणात आणि चित्रपटांत भारतीयांचे नाव नसते, ही खंत पुजी यांनी उतारवयात उघडपणे बोलून दाखविली. २०१० मध्ये ते निवर्तले. ग्रेव्हसेंड येथे त्यांचा पुतळा उभा राहिला तो २०१४ मध्ये.

कोणी विचारील, साम्राज्यासाठी लढलेल्यांचा गौरव आपण का करावा? हा आक्षेप मी हलका मानीत नाही. देशातील स्वातंत्र्यसैनिक तुरुंगात असताना हे तरुण राजाच्या झेंड्याखाली उडत होते, हे खरेच आहे. परंतु साम्राज्याचा हिशेब वेगळा आणि माणसाचा हिशेब वेगळा. हिटलरच्या विमानांपुढे उभे राहण्यात लज्जास्पद काही नव्हते. आणि जे उड्डाणाचे ज्ञान त्या पिढीने परक्याच्या घरी मिळविले, त्यावरच आपले हवाईदल वाढले. १९८५ मध्ये आपले वैमानिक फ्रान्समध्ये शिकून मिराज विमाने घेऊन ग्वाल्हेरास आले, तेव्हा ते कोणाच्या दारी तिष्ठत उभे नव्हते. स्वतःच्या झेंड्याखाली गेले आणि त्याच झेंड्याखाली परतले. मलिकांच्या पिढीला जे मागून घ्यावे लागले, ते यांना बरोबरीच्या नात्याने मिळाले. हा फरक घडविण्यात स्वातंत्र्यसैनिकांचा वाटा आहे, तसा त्या तैनातीतल्या तरुणांचाही आहे.

विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगेन. आपल्या घरी, आपल्या गावी, परक्याच्या दलात लढून आलेल्या एखाद्या आजोबांचे पदक पेटीत पडले असेल. ते बाहेर काढा. त्यांचे नाव, गाव आणि पलटण विचारून लिहून ठेवा, आणि नाव अचूक लिहा. अक्षर चुकले तर वेलिंकराचा वुमकर होतो आणि एका मातेला आपल्या मुलाची कबर शोधावी लागते. शुद्धलेखनाचा आग्रह धरणाऱ्या शिक्षकांचा आपणांस वर्गात कंटाळा येत असेल. त्या आग्रहामागे माणूस हरवू नये हीच तळमळ असते, हे आज माझ्याकडून ऐकून ठेवा.