रंगीत पानांची बाग



बाग म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पहिल्याने उभी राहतात ती फुले: गुलाब, शेवंती, झेंडू, मोगरा. त्यात गैर काही नाही. पण खेड्यातल्या शाळेचे अंगण जरा आठवून पाहा. पावसाळ्यात मुलांनी हौसेने लावलेला झेंडू दिवाळीपर्यंत डोलतो. पुढे वाफे उघडे पडू लागतात आणि मे महिन्याच्या सुट्टीत तर कुंपणाच्या काट्याच काय त्या शिल्लक राहतात. शाळा उघडली की पुन्हा श्रीगणेशा! दरसाल असेच होऊ लागले म्हणजे मुलांचा उत्साह मावळतो, आणि गुरुजींचाही. म्हणून आज मी तुमच्यापुढे पानांची बाजू मांडणार आहे. फूल चार दिवसांचे. रंगीत पान बारमाही.

अमेरिकेच्या थंड मुलखात याच हौसेपायी ‘कोरल बेल्स’ नावाचे बुटके झाड लावतात. त्याची जांभळी, तांबूस, पिवळसर पाने चित्रात पाहिली की कोणालाही मोह पडावा. पण ते थंड हवेतले झाड. आपला वैशाख त्याला सोसत नाही. मग त्याच्यामागे लागून पैसे का दवडावे? तेच काम करणारी दोन झाडे आपल्या हवेत सुखाने नांदतात. एक क्रोटन आणि दुसरे कोलियस.

क्रोटन मूळचे मलाया-इंडोनेशियाकडचे. आता ते आपल्याकडे इतके रुळले आहे की परके वाटत नाही. याला ऊन हवे. दाट सावलीत ठेवले तर पाने हिरवी पडू लागतात आणि लोक म्हणतात, रंग उडाला. रंग उडालेला नसतो. त्याला उजेड कमी पडलेला असतो. पावसाळ्याच्या तोंडी वीतभर लांबीची पक्की फांदी कापावी, चीक धुऊन टाकावा, खालची पाने काढावी आणि वाळूमिश्रित मातीत सावलीला लावावी. ज्यांना गुटी कलम बांधता येते त्यांचे काम अधिकच सोपे. जमिनीत लावताना दोन झाडांत तीन फूट तरी अंतर ठेवा. मुळे खोल गेली की थोडक्या पाण्यात भागते. पण माती अगदी कोरडी पडली तर पाने गळतात. तेव्हा बुंध्याशी पालापाचोळ्याचा जाड थर द्या आणि नळाशी किंवा हातपंपाशी सांडणारे पाणी चर काढून तिकडे वळवा.

कोलियसची तऱ्हा निराळी. हे तुळशीच्या कुळातले. दांडा बोटांत धरून फिरवा, तुळशीसारखाच चौकोनी लागेल. याला सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारी सावली मानवते. तुरे येऊ लागले की खुडून टाकावे, शेंडेही अधूनमधून खुडावे, म्हणजे झाड पसरते. फांदी नुसत्या पाण्याच्या पेल्यात ठेवली तरी आठ-पंधरा दिवसांत मुळ्या फुटतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र हे झाड पाण्यावाचून जगत नाही. यावर उपाय एकच. सुट्टी लागण्यापूर्वी प्रत्येक मुलाच्या हाती एक-एक फांदी द्या. घरी मोरीजवळ, फुटक्या मडक्यात ती जगेल. जूनमध्ये दहांतली चार परत आली तरी बाग पुन्हा उभी राहते, आणि ती सांभाळणारी मुलेही तयार होतात.

शिक्षकबंधुभगिनींनो, आता खास तुमच्यासाठी. लाल माठाची भाजी शिजविताना पाणी लाल होते, हे घरोघरी ठाऊक आहे. कोलियसचा तांबडा रंग माठातल्या रंगाहून वेगळा, पण तोही पाण्यात उतरणाराच. लालभडक पान उकळत्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटे बुडवा. तांबडा रंग निघू लागतो आणि खालचा हिरवा दिसू लागतो. म्हणजे हिरवा तिथे होताच. तांबड्याने त्याला झाकले होते. आता काठ हिरवा आणि मध्य पांढरा असे पान घ्या. ते दिवसभर उन्हात राहिलेल्या झाडाचे असावे. पाण्यात उकळून मग स्पिरिटमध्ये घाला आणि ते भांडे गरम पाण्यात ठेवा. स्पिरिट चटकन पेट घेते, म्हणून स्टोव्ह आधी विझवावा आणि हे काम गुरुजींनी स्वतः करावे. हिरवा रंग निघाला की पान धुऊन त्यावर आयोडीनचे थेंब टाका. हिरवा असलेला भाग काळानिळा होतो, पांढरा होता तो तसाच राहतो. काळेनिळे होते ते पिष्ट, झाडाचे अन्न. पांढरा भाग दिसतो देखणा, पण त्याला अन्न पुरविणारा हिरवाच. रंगीबेरंगी झाडाला एखादी निव्वळ हिरवी फांदी फुटली तर ती इतरांहून जोमाने का वाढते, हेही मुलांना मग आपोआप कळते. ती फांदी मुळापाशी छाटली नाही, तर सगळे झाड हिरवे होऊन बसेल.

दोन गोष्टींची काळजी मात्र घ्या. क्रोटनचा चीक अंगाला लागला तर खाज सुटते, म्हणून छाटणीनंतर हात धुवायला लावा. पाने चघळू देऊ नका. आणि कॅलेडियम, डिफेनबाकिया ही अळूच्या कुळातली शोभेची झाडे बालवाडीच्या अंगणात नकोतच. त्यांची पाने चावली तर तोंडाची आग होते, जीभ सुजते. पानांवर पिठ्या ढेकूण दिसला तर प्रथम पाण्याच्या जोरदार धारेने धुवावे, मग साबणाचे पातळ पाणी किंवा निंबोळी अर्क फवारावा.

या बागेला खर्च असा फारसा नाहीच. शेजारच्या गावात कोणाच्या तरी दारी क्रोटन असतोच. मागितली तर फांदी कोणी नाही म्हणत नाही. येत्या पावसात एवढे करून पाहा.