सुई छातीत शिरते, पण पोहोचते का?

1999 च्या 'थ्री किंग्ज' या हॉलिवूडपटात छातीत गोळी लागलेल्या सैनिकाचा श्वास एका सुईने मोकळा होतो. पडद्यावर हे चुटकीसरशी घडतं.

प्रत्यक्षात काय होतं? फुप्फुसाला भोक पडलं की काही वेळा सायकलच्या व्हॉल्व्हसारखी स्थिती होते. हवा छातीच्या पोकळीत शिरते, बाहेर मात्र पडत नाही. फुप्फुस मिटतं, हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरा दबतात, रक्तदाब कोसळतो. एक्स-रेसाठी थांबायला सवड नसते, म्हणून कोंडलेली हवा बाहेर काढणारी ही सुई.

पण ती पोहोचायला हवी! अमेरिकी लष्करातल्या हार्की आणि सहकाऱ्यांनी मृत सैनिकांचे सीटी स्कॅन तपासले. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: छातीच्या भिंतीची सरासरी जाडी 5.36 सेंटिमीटर. तेव्हाची प्रचलित सुई 5 सेंटिमीटरची. म्हणजे अनेकांच्या बाबतीत ती स्नायूतच अडकणार, आणि उपचार झाला असं समजून सगळे निर्धास्त राहणार. हा धोका सर्वांत घातक वाटतो. त्यावर 8 सेंटिमीटरची सुई सुचवली गेली. पण लांब सुई चुकली तर फुप्फुसाला, मोठ्या रक्तवाहिन्यांना, डावीकडे थेट हृदयालाही इजा करू शकते.

जागाही फसवी. गळ्याच्या हाडाच्या मध्यरेषेखाली, दुसऱ्या-तिसऱ्या बरगडीमधली फट ही जुनी जागा. 2005 च्या एका अभ्यासात तातडीच्या विभागातल्या 25 डॉक्टरांपैकी फक्त 15 जणांना ती फट जिवंत माणसाच्या छातीवर अचूक दाखवता आली. सुई छातीच्या मधल्या हाडाकडे सरकली तर तिथली धमनी फुटू शकते आणि रक्त आतल्या आत साचतं. 2018 मध्ये एटीएलएस या डॉक्टरांसाठीच्या अपघात-उपचार प्रशिक्षणाने प्रौढांसाठी काखेच्या मध्यरेषेच्या किंचित पुढची, चौथी किंवा पाचवी फट सुचवली. लहान मुलांसाठी जुनीच जागा कायम राहिली.

निदानच चुकलं असेल, तर हीच सुई धडधाकट फुप्फुसाला टोचून नवा आजार निर्माण करू शकते.

शिवाय सुईवरची प्लॅस्टिकची बारीक नळी वाकते, रक्ताने तुंबते आणि हवा पुन्हा कोंडते. म्हणून आपल्या माणसाला अशी सुई घातली गेली असेल, तर 'आता बरं वाटतंय' म्हणून त्याला घरी नेऊ नका. छातीत मोठी नळी टाकण्याची व्यवस्था असलेल्या रुग्णालयातच न्या.