मुलांच्या शाळेची निवड कोणी करावी?

(ज्युबिलीनिमित्त दिलेले भाषण)



ज्युबिलीच्या आनंदसोहळ्यात आम्ही शाळांचा विषय काढावा, याचे कोणास नवल वाटेल. परंतु राज्यात नवी चळवळ उदयास आली की तिची दृष्टी प्रथम शाळेकडे वळते, आणि आमच्या प्रांतास हा अनुभव जुना आहे.

1937 साली मध्यप्रांत-वऱ्हाडात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. गोंदिया तेव्हा त्या प्रांताच्या भंडारा जिल्ह्यात होते. शिक्षणमंत्री पंडित रविशंकर शुक्ल यांनी 'विद्यामंदिर' योजना मांडली. गावाने जमीन दान द्यावी व तिच्या उत्पन्नातून शाळा चालावी, हे तिचे सूत्र. त्याच वर्षी ऑक्टोबरात वर्ध्यास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली परिषद भरून हस्तोद्योगाद्वारे, मातृभाषेतून, सात वर्षांच्या शिक्षणाचा पुरस्कार झाला. हेतू गरिबांच्या हिताचाच होता. पण 'मंदिर' या एका शब्दावर मुसलमान बंधूंनी हरकत घेतली, मुस्लिम लीगने ती उचलून धरली, आणि जमीन देणार कोण, मास्तरास पगार वेळेवर मिळेल काय, हे खरे प्रश्न त्या गदारोळात मागे पडले. 1939 च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळच गेले. वर्धा योजनेत धर्मशिक्षणास स्थान नव्हते, हे आम्हांस आजही उणे वाटते.

पोप अकरावे पायस यांनी 1929 साली शिकविले की, मुलाच्या शिक्षणाचा आईबापांचा हक्क सरकारच्या हक्काहून आधीचा आहे. आपल्या संविधानाच्या 30 व्या कलमाने अल्पसंख्याकांस शाळा काढण्याचा अधिकार दिला. 28 व्या कलमाने मात्र पालकांच्या संमतीवाचून अनुदानित शाळेत कोणाच्या मुलास धर्मशिक्षण देता येत नाही. आमच्या शाळेत येणाऱ्या हिंदू-बौद्ध आईबापांचे त्याने रक्षण होते, आणि ते योग्यच आहे.

सांप्रतचे पाहा. पहिलीपासून हिंदी शिकविण्याचा राज्य सरकारचा निर्णय मोठ्या विरोधानंतर 29 जून 2025 रोजी मागे घेतला गेला. मुंबईस हा मराठी-हिंदीचा झगडा. गोंदियाच्या बाजारात दोन्ही सुखाने नांदतात! देवरी-सालेकशाकडील कित्येक मुलांच्या घरची बोली गोंडी. तिची कैवार घेणारा फलक आमच्या तरी पाहण्यात आला नाही.

गरिबांच्या 25 टक्के जागांचेही तसेच. सरकारी वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असल्यास खाजगी शाळेस त्या जागांतून मोकळीक देणारा नियम 2024 च्या फेब्रुवारीत निघाला. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. अल्पसंख्याकांच्या शाळांना तर 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्या कायद्यातूनच वगळले आहे. सक्ती नाही म्हणून मजुराच्या लेकरास आमच्या फाटकावरून परत पाठवावे काय? आमच्या मते, मुळीच नाही.

एक विनंती. 2009 च्या कायद्यान्वये सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक व निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. आपल्यापैकी पुष्कळांची मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत. समितीची पुढील निवड होईल तेव्हा तेथे जावे, आणि मातांनी आपली नावे अवश्य द्यावीत.