देवरहाटीत जाताना

संगमेश्वर, देवरूख, राजापूरकडे जाणार असाल, तर एखाद्या गावची देवरहाटी पाहून या. ग्रामदेवतेच्या देवळाभोवती राखलेलं हे रान. इथे कोयती चालत नाही. पडलेलं लाकूडही देवाला कौल लावल्याशिवाय उचलायचं नाही, असा कित्येक गावांचा दंडक. म्हणून तर बेहडा, सातवीण, किंजळ असे जुने वृक्ष टिकले आणि गारंबीचे वेल त्यांच्यावर चढले.

धनेश पक्ष्याला असलंच रान लागतं. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि तोंड लिंपून घेते. फट उरते ती नराच्या चोचीपुरती. अंडी उबेपर्यंत आणि पुढेही नर तिथूनच भरवत राहतो. कोवळ्या झाडाला अशी ढोली कुठून असणार!

१९७०च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातल्या अशा देवराया धुंडाळून त्यांचा अभ्यास मांडला. अलीकडे देवळाचा जीर्णोद्धार निघाला, की कधी कधी कुऱ्हाड आधी झाडांवर पडते, हे मात्र खटकतं.

जाण्याआधी गुरवांना किंवा मानकऱ्यांना विचारा. चपला बाहेर काढा. फेब्रुवारी-मार्चमध्ये धनेश घरट्यावर असतो. दुर्बीण घ्या आणि ढोलीपासून लांबच थांबा.