धारेवरची बुळबुळ

दूरदूरून आलेल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनो आणि माझ्या लोणारकर मंडळींनो,

मी अडत दुकानदार. सोयाबीनचा ओलावा मुठीत धरून सांगेन, जिवाणूंचं मला विचारू नका. पण कार्यक्रमपत्रिकेत जागोजागी 'यजमान' शब्द दिसला. वाटलं, परिषद आमच्यावरच आहे!

काल तुमच्यातल्या एक बाई आमच्या झऱ्याच्या, म्हणजे धारेच्या पायऱ्यांवर बसून दगडावरची बुळबुळ नखानं खरवडत होत्या. म्हणाल्या, हे जीव आधी केसांसारख्या तंतूंनी दगड धरतात, मग अंगातून चिकट द्रव सोडून त्यातच वस्ती करतात. म्हटलं, ताई, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या याच वस्तीवरून घसरतोय.

दैत्यसूदनाचं देऊळ पाहिल्याशिवाय मात्र गाव सोडायचं नाही. त्यानं मारलेला लवणासुर इथलाच, आणि लवणही इथलंच. ऐन-ए-अकबरीत काच-साबणाला लागणाऱ्या इथल्या खाराची नोंद आहे. 1823 मध्ये अलेक्झांडर साहेबानं इथल्या सरोवराचं विवर 'शोधलं' म्हणतात. आमची माणसं कधीपासूनच त्यातला खार काढत होती. दल्ला, पापडी, भुसकी अशी त्याची नावं. त्या खाऱ्या चिखलात उतरणाऱ्यांचं नाव मात्र कुठल्या ग्रंथात नाही. म्हणून या मंडपाच्या दाराला, समितीत दोन बैठका वाद घालून, मी 'खारकरी द्वार' नाव देववलं.

जून 2020 मध्ये सरोवर गुलाबी झालं. कुणी देवीचा कोप म्हणालं. पुण्याच्या आघारकर संस्थेनं सांगितलं, हॅलोआर्किया, मिठात वाढणारे रंगीत जीव. माझ्या डोळ्यांपुढे सोयाबीनच्या मुळावरची गाठ आली; फोडली की आत तशीच लालसर. मूळ मातीत खूण सोडतं, रायझोबियम नावाचा जिवाणू उत्तर देतो, मग मूळ त्याला आत घेतं. आम्ही पेरणीआधी बियाण्याला जिवाणू चोळतो, त्यामागे एवढी बोलाचाली असते हे मला साठीत कळलं.

आता माफी. काल रात्री वीज गेली, तासभर टँकर आला नाही, दोन पाहुण्यांना एकच खोली दिली गेली. चूक माझी, पोरांना बोलू नका. अडत व्यापारी, मंडपवाले, भाकरी थापणाऱ्या बचत गटाच्या बाया, गाद्या देणारे शेजारी, जनरेटर पाठवून नाव सांगू नका म्हणालेले ते गृहस्थ, सगळ्यांचे आभार. अजून कुणी राहिलं असेल तर जेवताना मला खडसवा.

दुपारी धारेवर जपून उतरा. आणि पापडातला खार सरोवरातला का, असं सकाळपासून तिघांनी विचारलं. नाही हो, वाण्याकडचा आहे.